नाव, चीज आणि चाकू : लायोल गावाचा वारसा



ग्रामीण वारसा म्हटले की जुन्या वास्तू, जत्रा आणि वस्तुसंग्रहालये डोळ्यांसमोर येतात. परंतु वारसा टिकतो तो गावकऱ्यांना उपजीविका देत राहिला तरच. दक्षिण फ्रान्समधील लायोल या गावाचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

अव्हेरों जिल्ह्यातील ओब्राक पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. लोकवस्ती जेमतेम १,२०० च्या आसपास. हिवाळा कडक असल्याने येथील शेती मुख्यतः गवत आणि गुरे यांवर चालते. गुरांच्या बाजाराच्या चौकात १९४७ मध्ये उभारलेला ओब्राक जातीच्या वळूचा पुतळा आहे. मे महिन्याच्या अखेरीस गाई पठारावरील कुरणांत चढतात आणि ऑक्टोबरात खाली उतरतात. पूर्वी उन्हाळ्याचे हे महिने गवळी ‘ब्युरों’ नावाच्या दगडी घरांत राहून चीज तयार करीत. पुढे तरुण मंडळी कामधंद्यासाठी पॅरिसला गेली, ब्युरों ओस पडू लागले आणि विसाव्या शतकाच्या मध्यास हे चीज नामशेष होण्याच्या मार्गावर आले.

या टप्प्यावर तरुण शेतकऱ्यांनी पुढाकार घेतला. १९६० मध्ये ‘जन मोंताञ’, म्हणजे ‘तरुण पर्वत’, ही सहकारी संस्था स्थापन झाली. पुढील वर्षीच लायोल चीजला उत्पत्तिस्थानाच्या नावाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. आज या नावाने चीज विकण्यासाठी ठरलेल्या क्षेत्रातील ओब्राक व सिमेंटल जातींच्या गाईंचे न तापवलेले दूध वापरावे लागते, गाईंना मक्याचा मुरघास देता येत नाही आणि चीज किमान चार महिने मुरवावे लागते. नियम कठोर आहेत. पण त्यांमुळेच दुधाचे मूल्यवर्धन गावातच होते. ताजे चीज आणि कुस्करलेले बटाटे यांपासून बनणारा ‘आलिगो’ हा पारंपरिक पदार्थही संस्था तयार स्वरूपात विकते.

गावाच्या चाकूची कहाणी मात्र वेगळी आहे. १८२९ च्या सुमारास येथे घडू लागलेला हा घडीचा चाकू पशुपालकाचे अवजार होता. पुढे त्याला पोटफुगी झालेल्या गुरांच्या पोटातील वायू मोकळा करणारी टोचणी जोडली गेली. पॅरिसच्या उपाहारगृहांत काम करणाऱ्या स्थलांतरितांसाठी बाटलीचे बूच काढण्याचा स्क्रूही त्यात आला. परंतु उत्पादन हळूहळू उत्तरेकडील तियेर या चाकूंच्या शहरात गेले. लायोलमध्ये हा व्यवसाय पुन्हा उभा राहिला तो १९८० च्या दशकात.

तोवर चाकूचे नाव सर्वत्र पसरले होते, पण ते कायद्याने राखलेले नव्हते. १९९३ मध्ये गावाशी संबंध नसलेल्या एका व्यावसायिकाने ‘लायोल’ हा शब्द अनेक प्रकारच्या मालासाठी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला. त्या नावाचा माल आशियातील कारखान्यांतूनही येऊ लागला. गाव न्यायालयात गेले; २०१२ मध्ये निकाल विरोधात लागताच गावकऱ्यांनी निषेध म्हणून गावाच्या नावाची पाटीच काढून टाकली. दीर्घ लढ्यानंतर २०१९ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने त्यातील अनेक नोंदण्या रद्द केल्या.

एकाच गावाच्या दोन उत्पादनांचे भवितव्य असे भिन्न का झाले? चीजच्या मागे उत्पादकांची संघटना, लेखी नियम आणि कायदा होता. चाकूच्या मागे केवळ कीर्ती होती. फ्रान्समध्ये हस्तकला व औद्योगिक वस्तूंसाठी भौगोलिक निर्देशनाची तरतूद २०१४ मध्ये झाली. युरोपीय संघाने तसा कायदा २०२३ मध्ये केला. भारताचा १९९९ चा कायदा २००३ मध्ये अमलात आला, तेव्हापासूनच त्यात हस्तकलांचा समावेश आहे. भारतीय कारागिरांच्या दृष्टीने ही मोठी जमेची बाजू होय.

तथापि कायद्याने सर्व प्रश्न सुटत नाहीत. तियेरचे कारागीरही पिढ्यान्‌पिढ्या हा चाकू घडवीत आले आहेत. मग नावावर हक्क जन्मस्थानाचा की घडवणाऱ्या हातांचा, हा वाद २०१४ नंतरही उरलाच. म्हणून नोंदणीचा अर्ज करण्यापूर्वी उत्पादकांनी एकत्र बसून क्षेत्र, पद्धत आणि दर्जा यांवर एकमत करणे अगत्याचे ठरते. लायोलच्या शेतकऱ्यांनी चीजच्या बाबतीत हे काम वेळीच केले, आणि त्याचे फळ त्यांची पुढची पिढी आजही घेत आहे.