जुनें घर आणि त्यांतील बिऱ्हाडकरू

पोंभुर्ण्याच्या आसपास जुनें घर उतरविण्याचा विचार निघाला म्हणजे एक वाक्य हटकून कानीं येतें : घर जनावरांनीं खाल्लें. तेवढ्यावर निकाल लागतो. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलें सागवान मोडींत जातें आणि त्या जागीं स्लॅब उभा राहतो. खाल्लें कोणी, किती आणि कोणत्या वाटेनें शिरून, याची चौकशी सहसा होत नाहीं.

येथील जुन्या घराची रचना साधी. मातीच्या जाड भिंती, सागाच्या तुळया, बांबूच्या कामट्या आणि वर कवेलू. चंद्रपूर जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हां अशा घरांत दुपार काढतां येते. टिनाच्या छपराखालीं बसवत नाहीं. परंतु हें सारें साहित्य रानांतून व शेतांतून आलेलें. रानांतील प्राण्यांस तें परकें कसें वाटावें?

आरंभ बहुधा वानरांपासून होतो. चिंचेच्या फांदीवरून एखाद्या मोठ्या नरानें छपरावर झेप घेतली कीं दोनचार कवेलू फुटतात. घरचीं माणसें काठी घेऊन धांवतात, तो पळतो, आणि प्रकरण मिटलें असें सर्वांस वाटतें. मृगाच्या पावसांत त्याच जागेवरून पाणी भिंतींत उतरतें. ओल्या भिंतीच्या पोटांतून वाळवी वर चढते व कामट्या पोखरते. उन्हाळ्यांतील उडीचें नुकसान दिवाळीला दिसतें, आणि दोष एकट्या वाळवीच्या माथीं बसतो.

म्हणून दुरुस्ती वरून खालीं करीत यावें. आधीं छपराला टेकलेल्या फांद्या छाटाव्या, फुटके कवेलू बदलावे, मग भिंत पुरती सुकूं द्यावी. ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविणें ही अलीकडची सर्वांत महाग चूक होय. मातीची भिंत ओल घेते व सोडते. सिमेंट ती आंत कोंडतें, आणि त्या पडद्याआड वाळवीचें काम निर्वेध चालतें. चिकणमाती, भाताचें तणस व शेण यांचा कालवा कांहीं दिवस मुरवून केलेला गिलावा भेगाळतो खरा. पण भेग दिसते, आणि दिसली म्हणजे लिंपतां येते.

तुळयांच्या बाबतींत घाबरण्याचें कारण थोडें. सागाचा गर्द गाभा वाळवीस सहसा दाद देत नाहीं. ती बाहेरचा फिकट थर खाते. हातोडीनें ठोकून पाहावें, टोकदार खिळा रोवून पाहावा. खिळा अडला तर ती तुळई अजून नातवंडांच्या उपयोगी आहे. मात्र भिंतींत गाडलेलीं तिचीं टोकें उघडून पाहिल्यावांचून राहूं नये, कारण ओल तेथेंच साठते. कामट्यांवर दया दाखवूं नये. पोखरलेल्या तेवढ्या काढाव्या. नवा बांबू हिवाळ्यांत तोडलेला घ्यावा, कारण किड्यांना हवें असलेलें पिष्ट तेव्हां त्यांत कमी असतें. वाहत्या पाण्यांत बांबू बुडवून ठेवण्याची जुनी रीत तें पिष्ट धुऊन जावें यासाठींच. बोरिक आम्ल व टांकणखार यांच्या द्रावांत मुरविलेला बांबू त्याहूनहि टिकतो. आणि याच जिल्ह्यांत चिचपल्लीला बांबूसाठीं स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

जोत्याखालच्या घुशींची गोष्ट निराळी. येथें घाई जिवावर बेतते. सायंकाळीं सर्व बिळांच्या तोंडीं ओली माती हलकेच लिंपावी. सकाळीं जें तोंड उघडें सांपडेल, तेथें वस्ती आहे. घरांतील धान्य उंच व बंदिस्त ठेवल्याशिवाय ती वस्ती हलत नाहीं. ती हलल्यावरच दगडांची खडी, चुना व काचेचे तुकडे ठांसून भरती करावी. मात्र न उकरलेलें बीळ रिकामेंच, असें समजूं नये. घुशींच्या मागें नाग किंवा मण्यार आलेली असते, आणि मण्यार रात्रीं भुईवर निजलेल्या माणसास अंथरुणांत चावते. बिळांत हात घालूं नये, सापास मारूंहि नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें त्यास संरक्षण आहे. वनखात्यास कळवावें व त्यांचीं माणसें येईपर्यंत काम थांबवावें.

भरती झाल्यावरहि निदान पहिला पावसाळा मुलांना खाटेवर, मच्छरदाणींत निजवावें आणि जोत्याभोंवतीं रोज सकाळीं एक फेरी घालावी.