शस्त्रक्रियेनंतरचा थकवा

वजन घटविण्याची शस्त्रक्रिया श्री. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये करवून घेतली, हे सर्वश्रुत आहे. नंतरचा थकवा मात्र वृत्तपत्रांत येत नाही. शिरूर-दौंडच्या पेढीवर परतलेला गृहस्थ दुपारीच गळून जातो; घरचे त्यास आळस म्हणतात! वस्तुतः जठर लहान झाल्याने ब-१२ जीवनसत्त्व व लोह पुरेसे शोषले जात नाही. त्यात शाकाहारात ब-१२ बहुतांशी दूध-दह्यापुरतेच. म्हणून डॉक्टरांनी दिलेली पूरक औषधे आजन्म घ्यावीत, रक्ततपासणी चुकवू नये. मूगडाळ, पनीर, दही यांतून प्रथिने रोज सुमारे ६० ग्रॅम जावीत. पाणी एकदम पिता येत नाही. चौविहार पाळणाऱ्याने सकाळपासून घोट-घोट घेत सूर्यास्तापूर्वी दीड लिटर पुरे करावे. उपवासाचे पच्चक्खाण डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये, आणि महाराजसाहेबांपाशी शस्त्रक्रियेची गोष्ट सांगण्यात संकोच नसावा.