टेबलावर की बाजूला?

'टेबल' हा शब्द आता मराठीच म्हणायला हरकत नाही. शाळेत टाइमटेबल असतं, इंग्रजी माध्यमातली नातवंडं पाढ्यांना 'टेबल्स' म्हणतात. कचेरीतल्या टेबलाखालचं तर बोलायलाच नको! मूळ लॅटिन 'टॅब्युला', म्हणजे फळी. औषधाची 'टॅब्लेट' हे त्याच फळीचं पिल्लू.

पण हाच शब्द क्रियापद झाला की पंचाईत होते. ब्रिटिश सभेत प्रस्ताव 'टेबल' करणं म्हणजे तो चर्चेसाठी मांडणं. आपण हीच रीत उचलली. अहवाल सभागृहाच्या 'पटलावर' ठेवला, असं बातमीत येतं, ते पटल म्हणजे हेच टेबल. अमेरिकेत मात्र 'टेबल' करणं म्हणजे विषय बाजूला सारणं, बहुधा कायमचाच.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि दोन्ही देशांचे सेनाधिकारी एकत्र बसू लागले. एका बैठकीत ब्रिटिशांनी एक तातडीचं टिपण 'टेबल' करतो म्हटलं. अमेरिकनांना वाटलं, हे तर विषय दडपताहेत! युद्ध ऐन भरात, आणि इथे लांबलचक, कडवट वाद. बऱ्याच वेळाने उलगडा झाला, की दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. खुद्द चर्चिल यांनी आपल्या महायुद्धाच्या इतिहासात, १९५० साली आलेल्या तिसऱ्या खंडात, हे नोंदवलं आहे.

माझा भाचा अमेरिकन मंडळींबरोबर काम करतो. त्याला हे सांगितलं, तर तो गप्पच झाला. म्हणाला, "मामा, गेल्याच आठवड्यात मी तसं लिहून पाठवलंय."