डेटनची नामावळी



अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या नैर्ऋत्य भागात, ग्रेट मायामी नदीच्या काठी डेटन नावाचे शहर आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे एक लाख सदतीस हजारांच्या आसपास माणसे नोंदली गेली. अमेरिकेच्या मानाने हे मध्यम शहर. पण त्याच्या नामवंतांची यादी मोठमोठ्या शहरांना हेवा वाटावा अशी आहे. विमान उडवणारे राइट बंधू, कवी पॉल लॉरेन्स डनबार, मोटारगाडीला विजेवर चालू होण्याची सोय देणारे चार्ल्स केटरिंग, अभिनेते मार्टिन शीन, अडथळ्यांच्या शर्यतीत वर्षानुवर्षे अजिंक्य राहिलेले एडविन मोझेस. अशा याद्या प्रत्येक शहर करते आणि त्यात सगळ्यांना एका रांगेत उभे करते. डेटनच्या यादीकडे मात्र जरा बारकाईने पाहिले की रांग मोडू लागते. थोरले राइट, विल्बर, यांचा जन्म डेटनचा नाही, शेजारच्या इंडियाना राज्यातला. केटरिंग पंचविशी उलटल्यावर नोकरीसाठी इथे आले. शीन जन्मले इथे, पण त्यांची कारकीर्द घडली न्यूयॉर्कला आणि हॉलिवूडला. म्हणजे जन्मगावाच्या नोंदीवरून फारसे काही कळत नाही. शहराने कोणाच्या हाताशी काय दिले आणि कोणाला काय नाकारले, हे विचारले तरच अशा नामावळीला अर्थ येतो, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी डेटनइतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो, कारण इथे दोन नामवंत एकाच शाळेच्या एकाच वर्गात बसत होते.

ही शाळा म्हणजे सेंट्रल हायस्कूल, आणि काळ १८८० च्या दशकाची अखेर. ऑर्व्हिल राइट आणि पॉल डनबार हे तिथले वर्गमित्र. डनबार वर्गातले एकमेव कृष्णवर्णीय विद्यार्थी. त्यांचे आईवडील दोघेही केंटकी राज्यात गुलामगिरीत जन्मलेले. वडील तिथून निसटले आणि पुढे यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात लढले, आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवीत असे. हा मुलगा शाळेच्या साहित्य मंडळाचा अध्यक्ष झाला आणि शालेय नियतकालिकाचा संपादकही. ऑर्व्हिल यांनी शाळेचे शेवटचे वर्ष पुरेच केले नाही. त्यांनी छापखाना काढला. १८९० मध्ये याच छापखान्यात डनबार यांचे ‘डेटन टॅटलर’ हे कृष्णवर्णीय वाचकांसाठीचे पत्र छापले गेले आणि पैशांअभावी थोड्याच अंकांत बंद पडले. दोघांची मैत्री खरी होती, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण १८९१ नंतरचे चित्र पाहा. शाळेचा दाखला हातात असलेल्या डनबार यांना वृत्तपत्रांच्या आणि व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांत लेखणीचे काम मिळाले नाही. कॅलहन बिल्डिंग या इमारतीत ते आठवड्याला चार डॉलरवर लिफ्टमन झाले. दाखला नसलेल्या ऑर्व्हिल यांनी मात्र १८९२ मध्ये भावासह सायकलींचे दुकान उघडले आणि गावाने त्यांच्याकडून सायकली घेतल्या.

हे सायकलचे दुकान नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण विमानाची गोष्ट सांगताना ते सहसा एका वाक्यात उरकले जाते. आधी दुरुस्ती, मग विक्री आणि १८९६ पासून स्वतःच्या बनावटीच्या सायकली, असा तो धंदा वाढत गेला. हंगामात दुकान पैसे देई आणि हंगाम संपला की वेळ देई. ३० मे १८९९ रोजी विल्बर यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणाविषयीचे साहित्य मागवले, तेव्हा सायकल त्यांच्या विचाराच्या मुळाशी होती. तोल हा यंत्रात बसवायचा गुण नाही, चालवणाऱ्याने क्षणोक्षणी सांभाळायची गोष्ट आहे, हे सायकलवाल्याला वेगळे शिकावे लागत नाही. इतर संशोधक आपोआप स्थिर राहणारे यंत्र शोधत असताना या भावांनी चालकाच्या ताब्यात राहणारे यंत्र शोधले. १९०१ मध्ये पंखांच्या आकाराची पारख करण्यासाठी त्यांनी सायकलच्या हँडलपुढे एक आडवे चाक बसवले. नंतर दुकानातच वातबोगदा बांधला आणि त्यातले मोजमापाचे तराजू करवतीच्या जुन्या पात्यांपासून आणि सायकलच्या आऱ्यांपासून केले. इंजिन हवे होते तेव्हा मोटार कंपन्यांकडून हवे तसे मिळेना. दुकानातले कारागीर चार्ली टेलर यांनी लेथ आणि ड्रिलच्या बळावर सहा आठवड्यांत ते उभे केले. त्याचे ॲल्युमिनियमचे ओतकाम गावातच झाले. पुढे १९०४ आणि १९०५ मध्ये विमानाला खरोखर वळवायला आणि हवेत टिकवायला ते शिकले, तेही डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या कुरणावर. ते एका स्थानिक बँकवाल्याचे होते आणि त्याने ते भाडे न घेता वापरू दिले. ५ ऑक्टोबर १९०५ ला विल्बर यांनी याच कुरणाभोवती ३९ मिनिटांत सुमारे २४ मैलांचे उड्डाण केले. किटी हॉक इथल्या पहिल्या उड्डाणाच्या १२ सेकंदांचा गाजावाजा होतो, तो रास्तच आहे. पण उपयोगी विमान जन्मले ते या कुरणावर.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. सायकलींची दुकाने अमेरिकेतल्या गावोगावी होती, लेथही होते. विमान मात्र दोनच माणसांनी केले. मग श्रेय शहराचे कसे? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. राइट बंधूंची चिकाटी, एकमेकांशी तासन्‌तास वाद घालून मत तपासण्याची त्यांची सवय आणि आकड्यांवरची निष्ठा हे त्यांचे स्वतःचे धन होते. ते कोणत्याही नगरपालिकेने पुरवलेले नाही. परंतु त्याच काळात वॉशिंग्टनमध्ये सॅम्युएल लँग्ली हे नामांकित शास्त्रज्ञ याच प्रश्नामागे होते. त्यांच्या पाठीशी स्मिथसोनियन संस्था होती आणि युद्धखात्याचे पन्नास हजार डॉलर होते. ८ डिसेंबर १९०३ ला त्यांचे यंत्र पोटोमॅक नदीत कोसळले. नऊच दिवसांनी राइट बंधू उडाले, आणि त्यांचा सगळा खर्च हजार डॉलरच्या आत होता. बुद्धी दोन्हीकडे होती, पैसा तर एकीकडेच होता. राइट बंधूंकडे जास्तीचे होते ते असे की विचार करणारा, यंत्र घडवणारा आणि ते चालवणारा ही माणसे एकाच छपराखाली होती, आणि चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त होत होती. असे छप्पर शहर देते. केवळ त्यावर विमान उडत नाही. पण त्याच्यावाचून किती बुद्धी वाया जाते, हे लँग्लींच्या उदाहरणावरून दिसते.

शिवाय राइट बंधूंचे उदाहरण एकटे नाही. डेटनमधल्या एका दारूच्या गुत्त्याचे मालक जेम्स रिटी यांनी गल्ल्यातली चोरी थांबवण्यासाठी १८७९ मध्ये विक्रीची नोंद करणारे यंत्र काढले. १८८४ मध्ये हा धंदा जॉन पॅटर्सन यांनी घेतला आणि त्यातून नॅशनल कॅश रजिस्टर ही जगभर पसरलेली कंपनी उभी राहिली. या कारखान्यामुळे शहरात बारीक यांत्रिक काम करणाऱ्या कारागिरांची पिढी तयार झाली. १९०४ मध्ये तिथे आलेल्या केटरिंग यांच्यापुढे काम होते गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवण्याचे. त्यांच्या लक्षात आले की ही मोटर दिवसभर फिरत राहणार नाही. क्षणभर जोर लावून थांबणार आहे, म्हणून लहान मोटरवरही तेवढ्यापुरता मोठा भार टाकता येतो. पुढे त्यांनी आणि एडवर्ड डीड्स यांनी, डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात जमणाऱ्या सहकाऱ्यांसह, डेल्को कंपनी काढली. हँडल मारून गाडी चालू करताना माणसांचे हात मोडत होते. तो प्रश्न त्यांनी याच तत्त्वावर सोडवला. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचा सेल्फ-स्टार्टर आला. गल्ल्यासाठी सुचलेला विचार गाडीत गेला तो दोन्ही कामे करणारी माणसे त्याच गावात होती म्हणून.

आता डनबार यांच्याकडे परत येतो. दुसरा आक्षेप असा की त्यांनाही कीर्ती मिळालीच. मग शहराने त्यांना अडवले असे कसे म्हणता? मिळाली, हे खरे. पण कशी, ते पाहिले पाहिजे. ‘ओक अँड आयव्ही’ हा त्यांचा पहिला संग्रह १८९२ च्या अखेरीस डेटनमधल्या युनायटेड ब्रेदरन या चर्चच्या प्रकाशनगृहात छापला गेला. छपाईचे सव्वाशे डॉलर त्यांच्याकडे नव्हते. तिथल्या एका अधिकाऱ्याने हमी घेतली म्हणून काम झाले. मग डनबार यांनी लिफ्टमधून वरखाली जाणाऱ्या लोकांनाच डॉलरला एक प्रत विकून ती रक्कम फेडली. चर्चचा छापखाना, त्यांना लेखकांच्या सभेत कविता म्हणायला लावणाऱ्या शिक्षिका, राइट बंधूंची यंत्रे, हे सगळे डेटनने त्यांना दिले, आणि ते नोंदवले नाही तर मी अन्याय करीन. न दिलेली गोष्ट होती नोकरी: ज्या कामासाठी शाळेने त्यांना तयार केले ते काम. दुसऱ्या संग्रहाच्या छपाईला मदत आली ती टोलेडो शहरातून, आणि १८९६ मध्ये विल्यम डीन हॉवेल्स या वजनदार समीक्षकाने ‘हार्पर्स वीकली’त लिहिल्यावर देशाचे लक्ष गेले. त्या स्तुतीतही एक फास होता. हॉवेल्स यांनी डनबार यांच्या बोलीतल्या कवितांना उचलून धरले. त्यानंतर प्रकाशकांना आणि वाचकांना मळ्यावरच्या बोलीच्याच कविता हव्याशा झाल्या, आणि प्रमाण इंग्रजीत त्यांनी लिहिलेल्या गंभीर कविता मागे पडल्या. याचे दुःख डनबार यांनी शेवटपर्यंत बाळगले. ९ फेब्रुवारी १९०६ ला ते क्षयाने गेले तेव्हा त्यांचे वय अवघे तेहेतीस होते. त्यांच्या ‘सिंपथी’ या कवितेतल्या ओळीवरून पुढे माया अँजेलू यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले, यावरून त्या वाणीचे बळ कळते. कीर्ती मिळाली म्हणून अडथळा नव्हता, असे म्हणणे म्हणजे पोहून वर आलेल्याकडे बोट दाखवून नदीला पूर नव्हता म्हणण्यासारखे आहे.

पूर मात्र डेटनमध्ये खराखुराही आला. मार्च १९१३ मध्ये बांध फुटून शहराचा मध्य बुडाला; मायामी खोऱ्यात साडेतीनशेच्या आसपास माणसे दगावली. महिनाभर आधीच पॅटर्सन यांना मक्तेदारीच्या खटल्यात तुरुंगवासाची शिक्षा झाली होती. स्पर्धकांना चिरडण्याचे त्यांचे मार्ग निंद्य होते, आणि अपिलात ती शिक्षा रद्द झाली म्हणून माझे मत बदलत नाही. पण त्याच माणसाने कारखाना थांबवून कामगारांकडून सपाट तळाच्या शेकडो होड्या करवून घेतल्या आणि कारखान्यात निराधारांना जेवण व निवारा दिला. पुढे शहराने वर्गणीतून वीस लाखांहून अधिक डॉलर उभे केले, आर्थर मॉर्गन या अभियंत्याला नेमले आणि पाच कोरडी धरणे बांधली. त्यांत एरवी पाणी साठवत नाहीत; पूर आला की तेवढ्यापुरते अडवतात आणि खालच्या बोगद्यांतून बेताने सोडतात. १९२२ मध्ये काम पुरे झाले आणि तसा पूर डेटनने पुन्हा पाहिला नाही. हेच मॉर्गन पुढे टेनेसी खोरे प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९४८ मध्ये आपल्याकडच्या राधाकृष्णन विद्यापीठ शिक्षण आयोगाचे सदस्य होते.

शहर इतके समर्थ होते तर मग ते ओसरले का, हा तिसरा प्रश्न. १९६० मध्ये डेटनची लोकसंख्या दोन लाख बासष्ट हजार होती. आज ती निम्म्यावर आली आहे. माझ्या मते याने माझा मुद्दा दुबळा होत नाही, उलट पक्का होतो. डेल्को जनरल मोटर्समध्ये विलीन झाली आणि केटरिंग यांची संशोधनशाळा १९२५ मध्ये डेट्रॉइटला गेली. २००८ मध्ये शेजारच्या मोरेनचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद पडला. पुढच्याच वर्षी कॅश रजिस्टर कंपनीने आपले मुख्यालय जॉर्जिया राज्यात हलवण्याचे जाहीर केले. विचार, कारखाना आणि गिऱ्हाईक यांची जवळीक एकदा विस्कटली की नामवंतांच्या पुतळ्यांनी ती परत येत नाही. आणि यादी प्रामाणिक ठेवायची तर तिच्यात थॉमस मिजली यांचेही नाव हवे. केटरिंग यांच्या हाताखाली, डेटनच्याच प्रयोगशाळेत, १९२१ मध्ये त्यांना पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची युक्ती सापडली. इंजिनाची धडधड थांबली, पण त्या शिशाने पुढची कित्येक दशके जगभरच्या मुलांच्या रक्तात विष कालवले. तेही याच शहराच्या कौशल्याचे फळ आहे.

शहराने स्वतःच्या आठवणीचे काय केले, तेही सांगतो. राइट बंधूंचे घर आणि सायकलचे दुकान १९३० च्या दशकात हेन्री फोर्ड यांनी विकत घेतले आणि उचलून मिशिगन राज्यात आपल्या संग्रहालयात नेले. गावाने ते जाऊ दिले. डनबार यांनी आईसाठी घेतलेले घर मात्र ओहायो राज्याने १९३६ मध्ये विकत घेऊन जागच्या जागी स्मारक म्हणून जपले. १९९२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने डेटनचा विमानविद्येचा वारसा सांगणारे राष्ट्रीय उद्यान स्थापले, तेव्हा सायकलच्या धंद्याची एक उरलेली इमारत आणि हफमन प्रेअरी यांच्याबरोबर डनबार यांचे घरही त्यात घेतले. विमानाशी त्या घराचा काडीचाही संबंध नाही, आणि तरी तो निर्णय योग्य होता.