झाकण उघडण्याआधी

दोस्तहो, मी नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर. वस्ती म्हणते, आपला माणूस सायब झाला. कशाचा सायब? हजेरीबुकाचा!

तर कामाचं बोलतो. मॅनहोलमधला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा घाण मारतो. जास्त झाला की नाकच मरतं. गडी म्हणतो, "वास गेला, उतरतो." तिथंच पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. तोंडाला फडकं बांधून हा वायू अडत नाही.

साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा. पहिल्याच खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. कंत्राटदार हे ऐकून तंबाखू मळतो. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं अशा मरणाला १० लाख भरपाई ठरवली, २०२३ साली ३० लाख. मरणाचा दर वाढला, उतरणाऱ्याची जात बदलली नाही.

म्हणून पोरांनो, नुसत्या घोषणा नकोत. माणूस उतरताना दिसला की आधी त्याला थांबवा. मग फोटो, वेळ, जागा घालून लेखी तक्रार द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. पोच असली की माझ्या खात्यातल्या कुणालाच "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही. मलासुद्धा.