पेटी उघडली तरी



यंत्राचा निर्णय माणसाला कळावा कसा, यावर पडद्यावरचे आलेख आपण पुष्कळ पाहतो. मी आज काड्यापेट्यांबद्दल बोलणार आहे.

१९६१च्या सुमारास एडिनबरोत डोनाल्ड मिची यांनी फुली-गोळा खेळायला शिकणारे एक यंत्र केले. महायुद्धात ब्लेचली पार्कला ॲलन ट्युरिंगबरोबर काम केलेला हा माणूस. पण हाताशी संगणक नव्हता. म्हणून त्यांनी ३०४ काड्यापेट्या जमवल्या. प्रत्येक पेटीवर डावाची एक स्थिती काढलेली, आत रंगीत मणी, आणि एकेक रंग म्हणजे पटावरचे एकेक घर. यंत्राची पाळी आली की त्या स्थितीची पेटी हलवायची. खणाच्या टोकाशी जो मणी येईल, त्या घरात खेळायचे. डाव जिंकला तर वापरलेल्या प्रत्येक पेटीत त्याच रंगाचे तीन मणी वाढवायचे, बरोबरीला एक, आणि हरला तर तो मणी काढून घ्यायचा. एखादी पेटी रिकामीच झाली, तर यंत्राने डाव सोडला असे समजायचे! यंत्राचे नाव ‘मेनेस’.

३०४ पेट्या जड वाटत असतील, तर मार्टिन गार्डनर यांनी १९६२मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये तीन-तीन प्याद्यांचा एक छोटा खेळ सुचवला होता. त्याला २४ पेट्या पुरतात. शाळेत हे करून पाहाच.

पण करताना एक लक्षात ठेवा. पेटी उघडली की यंत्राचा कल किती आणि कुठे, हे पोरांनाही मोजता येते. मधलेच घर का, असे विचारले तर मात्र मणी गप्प बसतात. या वाटेने पूर्वी जिंकलो, एवढेच त्यांना ठाऊक. समोर कच्चा भिडू बसवला असेल, तर त्याच्या चुकांवर जिंकण्याची सवय यंत्राला लागते, आणि ते पेटीत डोकावून कळत नाही. खेळवले कोणी, हेच विचारावे लागते.

आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या प्रारूपांत मण्यांच्या जागी अब्जावधी आकडे आहेत. ते उघडून दाखवणे म्हणजे माहितीच्या अधिकारात ट्रकभर कागद देण्यासारखे. मग हाताला काय द्यायचे? माझ्या मते, खुंट्या. प्रारूपाने ज्याचा कर्जाचा अर्ज नाकारला, त्या माणसापुढे एक फळी ठेवा: उत्पन्नाची खुंटी, मुदतीची खुंटी, वर लाल-हिरवा दिवा. कुठपर्यंत फिरवल्यावर दिवा बदलतो, हे त्याचे त्याला कळेल. त्यासाठी इंग्रजी वाचता यायला नको, आलेखही नको.

मात्र खुंट्यांची तार प्रत्यक्ष निर्णय देणाऱ्या प्रारूपालाच जोडलेली हवी. प्रदर्शनापुरते वेगळे, गोजिरवाणे यंत्र ठेवणे ही फसवणूक आहे. दुसरे, अर्जदाराला बदलता येत नाही म्हणून वयाची आणि पिनकोडची खुंटी गाळू नये. बाकी सगळे तेच ठेवून नुसता पिनकोड फिरवला आणि दिवा हिरवा झाला, तर ते अर्जदाराला दिसेल, शेजारी रांगेत उभ्या असलेल्यांना दिसेल आणि काउंटरपलीकडच्या अधिकाऱ्यालाही दिसेल. कर्ज किंवा नोकरभरतीसाठी अशी प्रारूपे वापरणाऱ्यांनी ही फळी लोकांना हाताळता येईल अशा जागी ठेवावी, असा ठराव आज दुपारच्या सत्रात मांडावा, अशी माझी विनंती आहे. शब्दरचना तुम्ही ठरवा. पिनकोडची खुंटी तेवढी गाळू नका.