बर्मिंगहॅमचा मेयर लंडनास गेला तेव्हां

(गांवच्या चावडीपुढें झालेलें भाषण)



परवां पारावर एका सुतारदादांनीं आम्हांस विचारलें, “गुरुजी, म्युनिसिपालिटींतला माणूस दिल्लीस गेला, तर आमच्या पदरांत काय पडतें?” प्रश्न रोकडा आहे. त्याचें उत्तर आम्ही विलायतेंतल्या जोसेफ चेंबर्लेनच्या कारकीर्दीवरून देणार आहों.

हा कांहीं उमरावाचा पोर नव्हे. घराण्याचा धंदा जोड्यांचा. १८३६ सालीं लंडनांत जन्मला, सोळाव्या वर्षीं शाळा सोडून बापाच्या धंद्यांत शिरला. घराणें सरकारी चर्चबाहेरच्या पंथाचें. असल्यांच्या मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजचीं दारें तेव्हां धड उघडीं नव्हतीं. अठराव्या वर्षीं तो बर्मिंगहॅमास आत्याच्या यजमानांच्या स्क्रूच्या कारखान्यांत गेला आणि वीस वर्षांत गबर झाला. तो मालक होता, मजूर नव्हे, हेंही ध्यानांत ठेवा.

१८६९ सालीं तो म्युनिसिपालिटींत निवडून आला. त्याच सालीं बर्मिंगहॅमांत शिक्षणाचा संघ निघाला, त्यांतही तो पुढें होता. मागणी अशी कीं, प्राथमिक शिक्षण सक्तीचें व फुकट असावें आणि तें कोणा एका पंथाच्या ताब्यांत नसावें. पाद्य्रांच्या शाळांना रयतेच्या करांतून पैसा कां, हा त्याचा सवाल. भटजींच्या पोथीला कुणब्याची पट्टी कां, हा आपला सवाल याचाच सख्खा भाऊ नव्हे काय?

१८७३ त तो मेयर झाला. शहर साडेतीन लक्ष वस्तीचें, पण ग्यासचे दिवे खाजगी कंपन्यांचे आणि पाणीही कंपनीचें. गरिबांचे आड असे कीं त्यांत घाण झिरपे. त्यानें सुमारें वीस लक्ष पौंडांचें कर्ज शहराच्या माथीं घेऊन ग्यासच्या दोन्ही कंपन्या विकत घेतल्या. लोक भ्याले; पण पहिल्याच वर्षीं नफा आला, आणि तो भागीदारांच्या खिशांत न जातां शहराच्या तिजोरींत आला. पाण्याची कंपनीही घेतली, मात्र पाण्यावर नफा करावयाचा नाहीं असें त्यानें ठरविलें. दिव्यावर नफा चालेल, पाण्यावर नको, हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो.

योगायोग पाहा. १८७६ सालीं चेंबर्लेन म्युनिसिपालिटींतून पार्लमेंटांत गेला, आणि त्याच सालीं आमचे जोतीराव फुले पुण्याच्या म्युनिसिपालिटींत सभासद झाले. लॉर्ड लिटनच्या स्वागतावर लोकांचा पैसा उधळण्यास त्यांनीं विरोध केला. १८८२ त हंटर कमिशनपुढें त्यांनींही सक्तीचें शिक्षण मागितलें. जोतीरावांना पार्लमेंट कुठलें? त्यांच्यापुढें दार नव्हतें, भिंत होती.

आतां सुतारदादांनीं कान द्यावा. बर्मिंगहॅमच्या मध्यभागीं गलिच्छ वस्ती होती. कारागिरांच्या घरांच्या कायद्याच्या जोरावर १८७५ पासून ती घेण्याची योजना झाली. घरें पाडलीं, रुंद रस्ता काढला, दुतर्फा टोलेजंग दुकानें उभीं राहिलीं. ज्यांचीं घरें पडलीं त्यांच्यासाठीं म्युनिसिपालिटीनें घरें बांधलीं तीं मूठभर, आणि तींही बऱ्याच वर्षांनीं. कायद्यांत नांव कारागिराचें, रस्ता दुकानदाराचा. असे रस्ते आपणही पाहिले आहेत.

लंडनांत तो १८८० त मंत्री झाला. १८८५ त शेतमजुरास जमिनीचा तुकडा मिळावा म्हणून त्यानें व त्याच्या स्नेह्यांनीं रान उठविलें. पण दुसऱ्याच वर्षीं आयर्लंडास स्वराज्य देण्यास विरोध करून त्यानें स्वपक्ष फोडला आणि पुढें जमीनदारांच्या पक्षाशीं सोयरीक केली. तरी १८९१ त फुकट शिक्षणाचा व १८९७ त जखमी कामगारास भरपाईचा कायदा झाला, त्यांत त्याचा हात होता. तेवढें श्रेय त्याचें त्यास द्यावें.

१८९५ त तो वसाहतींचा मंत्री झाला. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धांत ब्रिटिशांच्या छावण्यांत वीस हजारांवर बोअर बायकामुलें मेलीं, आणि काळ्या लोकांचेही हजारों जीव गेले. शहराच्या लेकरांना स्वच्छ पाणी देणारा माणूस त्या वेळीं त्याच सरकारांत बसला होता.

१९०६ त त्यास अर्धांग झाला. तरी बर्मिंगहॅमनें त्यास २ जुलै १९१४ रोजीं मरेपर्यंत पार्लमेंटांत ठेविलें. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत, थोरांच्या रांगेंत पुरण्याची जागा देऊं केली होती. घरच्यांनीं ती नाकारली आणि त्यास बर्मिंगहॅमच्याच मातींत नेऊन पुरलें.